उघड्या दारातली नाट्यशाळा

सप्टेंबर १९७४. सकाळचे साडेआठ. हेवर्डच्या हेस्पेरियन बुलेव्हार्डवर तुम्ही बसमधून उतरता आणि सगळ्यात आधी नाकात शिरतो तो शिजणाऱ्या टोमॅटोचा वास. गोडसर, दाट, कपड्यांना चिकटणारा. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्व काठावरचं हे गाव. इथे हंट्स कंपनी टोमॅटो डबाबंद करते आणि सध्या हंगाम ऐन भरात आहे. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या रेडिओवर बेसबॉलच्या बातम्या चालल्या आहेत. ओकलंडचा संघ सलग तिसऱ्यांदा जगज्जेता होण्याच्या बेतात आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार होऊन महिना झालाय आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफीही देऊन टाकली आहे. बसमधली माणसं त्यावरच बोलत होती, हळू आवाजात, दमलेल्या स्वरात.

समोर शॅबो कॉलेज. इमारती बुटक्या, काँक्रीटच्या, मोठ्या चौकाभोवती मांडलेल्या. कमानी नाहीत, घड्याळाचा मनोरा नाही, संस्थापकाचा पुतळा नाही. वाहनतळ मात्र अफाट आहे, कारण इथे वसतिगृहच नाही. सगळे घरून येतात आणि घरी जातात, किंवा कामावर. कॉलेज सुरू झालं १९६१ मध्ये, शेजारच्या सॅन लिआन्ड्रोतल्या तात्पुरत्या जागेत. या आवारात येऊन त्याला जेमतेम नऊ वर्षं झाली आहेत.

नावनोंदणीच्या रांगेत उभे राहा. हातात कागद घट्ट धरून ठेवायची तुमची सवय आहे: गुणपत्रिका, दाखला, शिफारसपत्र. ते इथे कोणी मागत नाही. वय अठरा आहे किंवा शाळा संपली आहे, एवढं पुरतं. टेबलामागची बाई विचारते, कुठले वर्ग हवेत? तुम्ही चाचरत म्हणता, नाटकाचे. ती मान वरही करत नाही, लिहून घेते. फी किती, असं तुम्ही विचारता. शिकवण्याची फी नाही. पुस्तकं तेवढी विकत घ्यायची.

यामागे कायदा आहे. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा मंजूर केला. शाळेत वरच्या साडेबारा टक्क्यांत येणाऱ्यांना राज्याचं मुख्य विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशात येणाऱ्यांना स्टेट कॉलेजं, आणि उरलेल्या सगळ्यांना, म्हणजे ज्याला शिकायचंय अशा कुणालाही, ही दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं. दोन वर्षांनी इथले युनिट्स, म्हणजे श्रेयांक, घेऊन वरच्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाला जाता येतं. खर्चाचा मोठा वाटा आसपासच्या घरमालकांच्या मालमत्ता करातून येतो. त्या टोमॅटोच्या कारखान्याशेजारच्या घरांतूनसुद्धा.

रांगेत तुमच्या पुढे लष्करी जॅकेट घातलेला एक तरुण आहे. व्हिएतनामहून परतलेला, माजी सैनिकांना मिळणाऱ्या भत्त्यावर शिकणारा. मागे एक बाई, कडेवर मूल. तिच्यामागे पंचावन्नच्या आसपासचा एक गृहस्थ, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेला. कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, रात्रपाळी संपवून थेट इथे आलाय. तोही म्हणतो, नाटकाचे.

याच वर्षी, याच रांगांमधून, ओकलंडच्या स्कायलाइन हायस्कूलमधून बाहेर पडलेला अठरा वर्षांचा टॉम हँक्सही आत आला आहे. शाळेतले गुण यथातथा, खिसा रिकामा आणि दुसरीकडे कुठे प्रवेश मिळण्याची आशा नाही, असा. पुढे त्याचं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. पण तुम्ही त्याला शोधायला आलेले नाही. तो भेटेल तेव्हा भेटेल. आत्ता नऊचा तास गाठायचा आहे.

आपल्याकडे कॉलेजातलं नाटक म्हणजे तास बुडवून केलेली तालीम. करंडक जवळ आला की जिन्याखाली, कँटीनच्या मागे, वॉचमनची समजूत घालून. ते मंतरलेले दिवस असतात आणि आपल्या रंगभूमीने त्यांच्यावरच किती नट कमावले! पण ते वेळापत्रकात नसतात. इथे नाटक वेळापत्रकात आहे. अभिनय, वाक्कौशल्य, शेक्सपिअरचा अभ्यास, रंगमंचाचं कारागिरीकाम. प्रत्येकाला युनिट्स, आणि ते प्राणिशास्त्राइतकेच खरे. तास चुकला तर गैरहजेरी लागते. ही गोष्ट साधी वाटेल, पण ज्याच्या घरी नाटकाला कोणी काम मानत नाही त्याच्या हातात असा छापील कागद असणं किती मोलाचं आहे, ते त्या यंत्रदुरुस्तीवाल्या गृहस्थाला विचारा. तो कागद त्याने घडी घालून पाकिटात ठेवलाय.

कार्यशाळेत या. इथेच सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे. नट व्हायला आलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हातात करवत मिळते आणि त्यांचे चेहरे पडतात. या सत्राच्या नाटकाला दिवाणखाना लागतो. त्यासाठी फ्लॅट बनवायचे. पाइनच्या पट्ट्यांची चौकट, कोपऱ्यांवर प्लायवूडचे त्रिकोण, त्यावर ताणलेला मांजरपाट. कापड फार ओढलं तर चौकट वाकते आणि सैल ठेवलं तर दार आपटताच भिंत थरथरते. ताणून झालं की खळ फिरवायची. ओली असताना भिंत लोंबकळते, जीव घाबरा होतो. वाळली की कापड आक्रसतं आणि ढोलासारखं वाजतं. मग रंग. जवळून पाहिलं तर नुसते शिंतोडे आणि डाग. दहाव्या रांगेत जाऊन बसा, तिथून जुना गिलावा दिसतो.

शिडीवर चढून दिवे टांगायचे. प्रत्येक दिव्याला लोखंडी आकडा, आणि शिवाय सुरक्षेची साखळी. साखळी विसरली तर शिक्षक तालीम थांबवतात, आवाज चढवत नाहीत, पण साखळी लागेपर्यंत कोणी खाली उभं राहायचं नाही. जॅकेटवाला तरुण या कामात तरबेज आहे. गाठी त्याला उत्तम येतात. कुठे शिकलास, असं कोणी विचारत नाही. दोन महिन्यांनी, एका संध्याकाळी, तो स्वतःच सांगतो. सांगून झालं की परत शिडी चढतो.

जो नट भिंत बांधतो तो भिंतीला टेकताना जपतो. हे मी उगाच म्हणत नाही. रंगमंचावर कोणत्या वस्तूला किती भार सोसतो हे अंगाला कळलेला नट वेगळा चालतो. मोठ्या नाट्यविद्यालयांत अभिनय आणि सुतारकाम यांच्या वाटा बऱ्याचदा लवकर फुटतात. इथे माणसं थोडी आणि कामं फार, म्हणून त्या फुटत नाहीत. गरिबीतून आलेली ही पद्धत मला फार पटते.

आता तो तास, ज्यासाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं. नाटक आणि त्याचा प्रयोग, असा विषय. पद्धत सोपी. आधी नाटक वाचायचं, मग त्याचा प्रयोग बघायला जायचं, आणि परत येऊन लिहायचं. यादीत लॅनफर्ड विल्सनचं ‘द हॉट एल बॉल्टिमोर’ आहे. पाडायला काढलेल्या एका हॉटेलची लॉबी, पाटीतला एक दिवा गेल्यामुळे नावातलं अक्षर हरवलेलं, आणि तिथे पडून राहिलेली माणसं. यूजीन ओनीलचं ‘डिझायर अंडर द एल्म्स’ आहे. दोन्ही वाचताना तुम्हाला वाटतं, कळलं. प्रयोगाला जा म्हणजे किती कळलं होतं ते समजेल.

सॅन फ्रान्सिस्कोला जायला नवी सोय झाली आहे. याच महिन्यात, १६ तारखेला, खाडीच्या तळाखालच्या बोगद्यातून बार्ट या उपनगरी रेल्वेची गाडी सुरू झाली. पण ती फक्त सोमवार ते शुक्रवार, आणि रात्री आठला बंद. नाटकवाल्यांच्या काय कामाची! म्हणून सहाजण मिळून एका जुन्या स्टेशन वॅगनमध्ये स्वतःला कोंबून घेता, पेट्रोलचे पैसे वाटून. गिअरी थिएटरच्या खिडकीशी उभे राहता. प्रयोग सुरू व्हायच्या थोडं आधी उरलेल्या जागा विद्यार्थ्यांना स्वस्तात देतात. कधी मिळतात, कधी नाही. मिळाल्या की १९१० साली बांधलेल्या त्या सोनेरी नक्षीच्या नाट्यगृहात अगदी वरच्या सज्जात जाऊन बसता. विल्यम बॉल यांची अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटर ही मंडळी इथे १९६७ पासून ठाण मांडून आहे. एकच नटसंच, आज एक नाटक, उद्या दुसरं. काल राजा झालेला आज हमाल.

बर्कलीला गेलात तर सगळं उलट. कॉलेज अव्हेन्यूवर एका दुकानाच्या गाळ्यात बर्कली रेपर्टरी थिएटर चालतं. दीडशेच्या आसपास खुर्च्या. नटाने श्वास घेतला की तिसऱ्या रांगेत ऐकू येतो. बादली आपटली की पाणी तुमच्या बुटांपर्यंत. दोन्ही ठिकाणी जा, एकाच आठवड्यात जा. सज्जातून आणि गाळ्यातून. नाटक शिकायचं म्हणजे आधी प्रेक्षक व्हायचं, हे कुठल्याही व्याख्यानाशिवाय तुमच्या मानेला आणि पाठीला कळतं.

परतीच्या गाडीत कोणी बोलत नाही, आणि मग पुलावर सगळे एकदम बोलतात. मूल घेऊन आलेल्या बाईचं म्हणणं पडतं की दुसऱ्या अंकातली आई खोटी होती, लेकराला असं कोणी उचलतच नाही. कसं उचलतात ते ती पुढच्या सीटवर बसल्याबसल्या दाखवते.

ग्रंथालय. कॉलेजच्या चौकाची एक अख्खी बाजू त्याने व्यापली आहे. पुस्तकांबरोबर इथे ध्वनिमुद्रिकाही आहेत, घरी न्यायला मिळतात. एक काढून बघा. जेसन रोबार्ड्सच्या आवाजात ओनीलच्या नाटकांतली स्वगतं. रोबार्ड्स म्हणजे १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात ‘द आइसमन कमेथ’मधला हिकी उभा करणारा नट. ओनीलला जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती आणि त्याची नाटकं लोक विसरत चालले होते. त्या प्रयोगाने ती परत आणली.

मुद्रिकेच्या पाकिटावर कागदी पट्टी आहे, नेणाऱ्याचं नाव लिहायची. तिच्यावर एकच नाव पुन्हा पुन्हा दिसतं. हाच तो स्कायलाइन हायस्कूलचा मुलगा. ही मुद्रिका आपण निदान वीस वेळा तरी ऐकली असेल, असं त्याने स्वतःच पुढे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. वीस वेळा! कोणी सांगितलं नव्हतं, परीक्षेला नव्हतं. पुढे १९९३ च्या ‘फिलाडेल्फिया’ या सिनेमात तो आजारी वकील झाला आणि त्याला कामावरून काढणाऱ्या फर्मचा प्रमुख झाले रोबार्ड्स. हँक्सने त्या मुद्रिकेचं सांगितल्यावर रोबार्ड्स म्हणाले, ती स्वगतं मी सकाळी दहा वाजता, भरपूर कॉफी पिऊन मुद्रित केली होती. ऐकणाऱ्या पोराला मात्र ती अपरात्रीचीच वाटली असणार.

ती मुद्रिका लावून ऐकत बसा. खिडकीतून पूर्वेच्या टेकड्या दिसतात. त्यांच्या पलीकडे, गाडीने तासाभराच्या आत, डॅनव्हिल आहे. तिथल्या ताओ हाउस नावाच्या घरात ओनील १९३७ ते १९४४ राहिला. ‘द आइसमन कमेथ’ तिथेच लिहिलं, ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ही तिथेच. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, हाताचा कंप वाढत असताना. शेवटी तो हातच लिहीनासा झाला. म्हणजे जे नाटक ऐकायला पोरं न्यूयॉर्कच्या नटाची मुद्रिका घरी नेतात, ते या टेकड्यांच्या मागेच जन्मलं. आपल्या गावात असं काही होऊ शकतं, हे कळणं नटाच्या शिक्षणाचा भागच आहे.

अभिनयाचा तास. ‘डिझायर अंडर द एल्म्स’मधला एफ्राइम कॅबट वाचायचा आहे. पंचाहत्तर वर्षांचा शेतकरी. दगडधोंड्यांच्या जमिनीवर आयुष्य घातलेला, दोन बायका गेलेल्या, तिसरी तरुण बायको करून आणलेला, मुलांशी वैर धरलेला. आपल्या एकांकिकांत असा म्हातारा कोणी कसा केला असता, तुम्हाला माहीत आहे. एकोणीस वर्षांचा पोरगा, केसांत टाल्कम पावडर, कमरेत वाक, आवाजात थरथर. आपण टाळ्याही दिल्या असत्या.

इथे शिक्षक पुस्तक देतात त्या यंत्रदुरुस्तीवाल्याला. तो उभा राहतो आणि वाचतो, वाईट वाचतो. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, सूचनापत्रक वाचल्यासारखं. मागच्या रांगेत कोणीतरी हसतं. शिक्षक कार्यशाळेतून नेपथ्य दाबून धरायची लोखंडी वजनं मागवतात. जमिनीवर ठेवतात. म्हणतात, हे दगड आहेत. कुंपण रचत वाचा.

तो वाकतो. एक वजन उचलतो, हातात तोलतो, बसेल अशी बाजू शोधतो, ठेवतो. दुसरं. आता वाक्यं आपोआप तुटतात, जिथे श्वास तुटतो तिथे. एका वजनाची धार नीट बसत नाही. तो बोलता बोलता थांबतो, ते काढतो, फिरवून परत ठेवतो, आणि उरलेलं अर्धं वाक्य म्हणतो. मुलांबद्दलचं. त्या थांबण्यात एफ्राइम उभा राहतो. कंबर वाकवलेली नाही, ती वाकलेलीच आहे. बोटांना भार ठाऊक आहे. हसणारं कोणी उरत नाही. जॅकेटवाला तरुण, जो त्याच्या मुलाचं काम वाचतोय, आपली वाक्यं पुस्तकात न बघता म्हणायला लागतो.

माझं सगळं म्हणणं या तासात आहे. नाटकाला सगळ्या वयांची माणसं लागतात. म्हातारे, विधवा, सैनिक, तान्ह्या मुलांच्या आया. निवडून घेणाऱ्या संस्थेत हुशार, देखणी, अठरा ते बावीसची मुलं येतात आणि एकमेकांची आजी-आजोबा होतात. दार उघडं ठेवलं की नाटक मंडळी आपोआप जमते. अठरा वर्षांच्या मुलाला म्हातारपण बघायला मिळतं, समोर, दोन हातांवर, आणि तेही कोणत्याही मेकअपशिवाय. हँक्सने आपल्या लेखात इथल्या सहाध्यायांचं वर्णन केलं आहे. व्हिएतनामहून आलेले, पुन्हा शिकायला बसलेल्या बायका, नोकरीत वर जायला धडपडणारे मध्यमवयीन. २०११ चा त्याचा ‘लॅरी क्राउन’ हा सिनेमा याच आठवणींतून आला. नोकरी गेलेला एक मध्यमवयीन माणूस कम्युनिटी कॉलेजात वाक्कौशल्याच्या तासाला बसतो.

थोडं पुढे चला, पण रेंगाळू नका. ६ जून १९७८: राज्यातले मतदार ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करतात, मालमत्ता कर घराच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला जातो. कॉलेजांची विहीर आटते. १९८४: पहिल्यांदा फी येते, युनिटला ५ डॉलर, सत्राला जास्तीत जास्त ५०. २०१२: युनिटला ४६. आणि २०१३ पासून एक नियम, ज्याचा मला त्या फीपेक्षा जास्त त्रास होतो. अभिनयासारखा कृतीचा विषय एकाच माणसाने पुन्हा पुन्हा घ्यायला राज्यभर मर्यादा. पैसे थोडे, जागा थोड्या, त्या पदवीकडे निघालेल्या तरुणांना आधी द्या, असा हिशेब. हिशेब म्हणून तो समजतो. पण वर्षानुवर्षं नाटकाच्या वर्गात येणारे साठीचे, सत्तरीचे लोक त्यामुळे बाहेर पडले. एफ्राइम वाचायला पुन्हा एकोणीसचा पोरगा, पावडर लावून. २०१५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज मोफत करण्याचा प्रस्ताव मांडला, हँक्सचा लेख त्याच्याच पाठिंब्याचा होता. देशपातळीवर तो कायदा झाला नाही.

परत या. १९७६ चा मे महिना. सत्राचं नाटक दोन शनिवार-रविवार झालं. प्रेक्षकांत कारखान्याची अख्खी पाळी आली होती, डब्यांना लेबलं लावणाऱ्या बायका पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रयोगानंतर टाळ्या विरतात न विरतात तोच शिक्षक हातोडे वाटतात. मेकअप पुसायच्या आधी दिवाणखाना उतरवायचा. खिळे सरळ करून डब्यात, पट्ट्या लांबीनुसार रॅकवर, मांजरपाट फाटला नसेल तर तसाच, पुन्हा रंगवायला. रात्री एकपर्यंत रंगमंच उघडा होतो आणि तो पुसून काढायचं काम तुमच्याकडे येतं.

सोमवारी कचेरीत पुढचे अर्ज. हँक्स सॅक्रमेंटोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत निघालाय. तिथून दिग्दर्शक व्हिन्सेंट डाउलिंग त्याला ओहायोतल्या शेक्सपिअर महोत्सवात नेतील. जॅकेटवाला तरुण दिव्यांच्या कामावर शहरात लागतो. मूलवाली बाई शिक्षिका होण्याच्या अभ्यासाला जाते. कडेवरचं मूल आता तिच्याआधी धावत खिडकीशी पोहोचतं.

यंत्रदुरुस्तीवाला गृहस्थ कुठे जाणार नाही. त्याला पदवी नको आहे, बदली नको आहे. खिडकीमागची बाई विचारते, कुठला वर्ग? तो सांगतो, अभिनय. ती जुनी नोंद बघून म्हणते, हा तर तुम्ही केलाय. तो म्हणतो, हो, पण एफ्राइमचा तिसरा अंक राहिलाय. ती नाव लिहून घेते आणि तुमच्याकडे वळते.